क्षाराला वाट हवी



सकाळपासून मला भेटणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या हातात बोअरच्या पाण्याची बाटली होती आणि तोंडी एकच प्रश्न, 'पानी खारं शे, काय टाकू?' मी आज एवढ्या एका प्रश्नावरच बोलणार आहे. कारण काय टाकायचं हे ठरवण्याआधी, जमिनीतला क्षार बाहेर कुठून जाणार हे विचारलं पाहिजे.

थोडा हिशेब मांडतो. विद्युत वाहकता 2 डेसीसायमन प्रति मीटर असलेलं पाणी आपण चालवून घेतो. त्याच्या एका लिटरात सुमारे 1.28 ग्रॅम क्षार असतात. फळझाडाला रोज 40 लिटर दिलं की झाले 51 ग्रॅम. दोनशे दिवसांत एका झाडाच्या मुळांशी दहा किलो! झाड पाणी पितं, क्षार बहुतांशी मातीतच ठेवतं. हलक्या मुरमाड जमिनीतून पावसाळ्यात तो धुऊन जातो. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत तो अडकून राहतो.

आता जमिनीविषयी. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो ती खारवट जमीन. सामू साडेआठच्या वर गेलेली, ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी आणि पाणी वर तुंबवून ठेवणारी, ती चोपण. दोघींना एकच औषध देण्याची चूक आपल्याकडे सर्रास होते. खारवट जमिनीला जिप्सम नको, भरपूर पाण्याने धुणं आणि निचरा हवा. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. तिथे जिप्समचं कॅल्शियम त्याची जागा घेतं. पण सुटलेला सोडियम सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो आणि त्याला खाली जायला वाट नसेल, तर तिथेच राहतो.

हे मी पुस्तकातून नाही, एका लिंबाच्या बागेतून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी मीच त्या शेतकऱ्याला जिप्सम टाकायला सांगितलं आणि निचऱ्यासाठी चर खोदायला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या, तिसऱ्या वर्षी झाडं उपटावी लागली. त्या बांधावर उभं राहून मी गप्प होतो. त्यानंतर निचरा पाहिल्याशिवाय एकही शिफारस केलेली नाही.

पाण्यावर प्रक्रिया करता येते. बायकार्बोनेट जास्त असलेलं पाणी जिप्समच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून सोडलं की त्यात कॅल्शियम विरघळतं आणि सोडियमचा जोर मोडतो. मात्र पाणी त्याने गोडं होत नाही, एकूण क्षार उलट थोडे वाढतात. चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधकही उपयोगी. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि आम्ल चुन्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. शेणखत आणि हिरवळीचं खत म्हणून फुलोऱ्याआधी गाडलेला धैंचा मातीची घडण सुधारतात. पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायला निघालेल्यांना मात्र माझा तोच प्रश्न आहे, यंत्रातून उरलेलं अतिखारं पाणी सोडणार कुठे?

आपल्या पूर्वजांनी हा विचार केला होता. पांझरेवरच्या फडबागायतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात येई आणि उरलेलं सांडव्याने परत नाल्या-नदीला मिळे. पाणी आणण्याइतकंच ते घालवणंही गावाचं काम होतं. पाट आपण सांभाळले, चर बुजवून त्यावर पेरणी केली, याचं मला दुःख होतं. आपल्याच काळात शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, पावसाचं पाणी भूजलात उतरवलं. खाऱ्या पाण्याच्या गावांनी ते काम याही दृष्टीने पाहावं, कारण गोड्या पाण्याची भर पडली की क्षार पातळ होतो.

झाडाची निवड शेवटी बोलतोय, पण ती पहिली करा. केळी ही आपली ओळख, 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण केळी क्षाराला फार नाजूक. पाणी बिघडलेल्या शिवारात तिचा हट्ट सोडा. बोर मात्र खारवटही सोसतं आणि चोपणही. मेहरूणच्या बोरांनी जळगावचं नाव दूरवर नेलं, आणि त्याच झाडाकडे आपण पाठ फिरवली. बांधावरच्या बोराटीवर चांगल्या जातीचा डोळा भरता येतो, खोल गेलेली मुळं आयती मिळतात. चिंच आणि आवळाही लावून पाहा.

जाता जाता जूनमधलं एक काम सांगतो. ठिबकचा क्षार ओलाव्याच्या कडेला गोळा होतो. पहिली हलकी सर आली की तो पुन्हा मुळांकडे सरकतो आणि नेमका तेव्हाच आपण आनंदाने ठिबक बंद करतो. यंदा बंद करू नका. चांगला मोठा पाऊस होईपर्यंत, भर पावसातसुद्धा, ते चालू ठेवा.