विवाहाचा केक आणि त्याची सजावट

(महोत्सवानिमित्त कोठी येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



‘लग्नाचा केक’ या विषयावर मी बोलणार असे पत्रिकेत छापून आल्यापासून सुलतान बाजारात भेटणारे माझे जुने विद्यार्थी हसून विचारीत आहेत, “बाई, गणित सोडलंत की काय?” गणित सोडलेले नाही. आजच्या भाषणातही ते थोडे येणार आहे, त्याची आधीच क्षमा मागून ठेवते.

केक ही परकी वस्तू, तिचे आपल्या कार्यात काय काम, असे म्हणणारी वडील मंडळी येथे असतील. त्यांचे म्हणणे मी अनादराने घेत नाही. परंतु माझे बालपण मराठवाड्यात गेले आणि शेजारच्या घरी लग्न निघाले की आम्ही मुली रुखवत पाहण्यासाठी धावत असू. लाडवांच्या उतरंडी, करंज्या, अनारसे, चिरोटे, नक्षी केलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, रंगवलेल्या सुपाऱ्यांची सप्तपदी! मुलीकडच्या बायकांच्या हातात किती कला आहे ते चार लोकांपुढे मांडावे, आणि मग ते सर्वांनी खावे, हाच त्यातील हेतू. तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आंचेवर थेंबथेंब पाक घालून, परात तासन् तास हाताने फिरवून हलव्याला काटा आणणाऱ्या आणि त्या हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट करून नव्या सुनेला संक्रांतीला घालणाऱ्या आपल्या बायकांना साखरेची नक्षी कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. केकवाल्याची साखर आणि हलव्याची साखर एकच.

तिकडे विलायतेतही आजचा मजल्यामजल्यांचा केक काही फार पुरातन नाही. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात जो केक झाला तो सुमारे तीनशे पौंड वजनाचा आणि नऊ फूट घेराचा, पण एकाच थराचा होता. पुढे राणीच्या मुलीच्या लग्नात, १८५८ साली, केकला मजले चढले. परंतु तळाचा तेवढा खरा केक आणि वरचे सारे साखरेचे काम. प्रत्येक थर खाण्याजोगा असलेला राजघराण्यातला केक १८८२ साली राजपुत्र लिओपोल्डच्या विवाहात झाला असे मानतात. एवढा उशीर का लागला? वरच्या थराचे ओझे खालच्या मऊ केकने पेलायचे कसे, हा प्रश्न होता. अंड्यातला पांढरा भाग आणि बारीक पिठीसाखर घोटून जे लेपन करतात, ज्याला रॉयल आयसिंग म्हणतात, ते वाळले की सिमेंटसारखे कठीण होते. त्या कवचाने आणि मधल्या खांबांनी ओझे पेलले. म्हणजे ज्याला आपण नुसता शृंगार समजतो ती मुळात इमारतीची भिंत आहे.

दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली, तेव्हा १९४० साली ब्रिटिश सरकारने केकवर साखरेचे लेपन करण्यासच बंदी घातली. मग लोक लहानसा साधा केक करीत आणि त्यावर पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा नक्षीदार खोटा केक टोपलीसारखा झाकीत. तो भाड्याने मिळे. छायाचित्र निघाले की टोप परत. युद्ध संपले तरी साखरेचे रेशन संपले नव्हते. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथचा विवाह झाला तेव्हा नऊ फूट उंचीच्या केकसाठी साखर नि सुकामेवा ऑस्ट्रेलियापर्यंतच्या दूरदूरच्या देशांतून आला, म्हणून त्याला ‘दहा हजार मैलांचा केक’ म्हणत. (त्याच विवाहात आपल्या निजामांनी हिऱ्यांचा हार भेट दिला होता, हे हैदराबादकरांस सांगणे न लगे.)

खोट्या केकची ती युक्ती तेव्हा टंचाईमुळे आली होती. आज आपल्या शादीखान्यांत पाच मजली केक उभा असतो, त्यातले चार मजले थर्माकोलचे आणि एक खराखुरा, तोही मागच्या बाजूने कापण्यापुरता. येथे टंचाई कसली आहे? उंचीची हौस! येथेच ते गणित येते. समजा तीन गोल थर आहेत, उंचीने सारखे, रुंदीने सहा, नऊ आणि बारा इंच. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा त्यांत केक किती, तर चार, नऊ आणि सोळा या प्रमाणात. वरचे दोन मिळून तेरा भाग, खालचा एकटाच सोळा! बघणाऱ्याला वाटते तीन केक आहेत. वस्तुतः अर्ध्याहून अधिक केक तळाशीच आहे. ज्यांना पाहुणे पुष्कळ आणि पैसा बेताचा, त्यांनी उंची सोडून एकच रुंद थर करावा. आणि वरचे थर खोटेच करायचे असतील तर ते सांगून करावेत, एवढीच माझी अट. मुले थर्माकोलचा तुकडा मागून रडताना मी पाहिली आहेत.

आता सजावटीच्या पद्धतींकडे वळू. कागदाच्या किंवा कापडाच्या कोनात आयसिंग भरून, टोकाला पत्र्याची नळी लावून रेघा, शिंपले, झालर काढणे ही जुनी पद्धत. एका रेघेवर दुसरी, तीवर तिसरी अशी चढवीत उठावाची नक्षी करण्याची जी शैली आहे तिला जोसेफ लॅम्बेथ या इंग्रज कारागिराचे नाव मिळाले. त्याचे पुस्तक १९३४ साली निघाले, आणि अलीकडे ती शैली तरुण मुलींमध्ये पुन्हा फार आवडीची झाली आहे. दुसरी पद्धत साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, फाँडंटची. पोळीसारखा लाटून तो केकवर चादरीसारखा घालतात. पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि त्यावर मेंदीची नक्षी, पैठणीचा काठ, मोगऱ्याचे गजरे, काय हवे ते काढता येते. तिसरी साखरेच्या फुलांची. एकेक पाकळी लाटून, कडा पातळ करून, वाळवून जोडायची. आणि चौथी सर्वांत सोपी आणि स्वस्त, क्रीमची. गोव्याची बेबिंका मात्र या साऱ्यांपासून अलिप्त आहे. एकेक थर वरून आंच देऊन भाजीत जायचे, आणि कापल्यावर जे पट्टे दिसतात तीच तिची सजावट. मला व्यक्तिशः ती सर्वांत प्रामाणिक वाटते.

यांतून निवड करताना आपण चित्र पाहतो, हवा पाहत नाही. लोणी साधारण बत्तीस ते पस्तीस अंश उष्णतेत वितळू लागते. आपल्याकडे लग्ने मे महिन्यात, आणि मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो. येथे क्रीमचा उंच केक म्हणजे उन्हात ठेवलेली मेणबत्ती. उलट रॉयल आयसिंगला आपली कोरडी हवा मानवते. मुंबईच्या दमट हवेत ते ओलसर पडेल, येथे खडखडीत राहील.

ही गोष्ट मला कशी कळली ते सांगितलेच पाहिजे, कारण त्यासाठीच मी हा विषय मागून घेतला. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे लग्न झाले. वलीम्याला केक हवा, असा तिचा हट्ट. माझी एक विद्यार्थिनी बडी चौडीमागे दोन खोल्यांत राहते. पती वारल्यापासून केक करून दोन मुलांना शिकवते. तिच्याकडे मी गेले. तिने साखरेच्या पोळीचे आच्छादन आणि वर साठ फुले असा आराखडा कागदावर काढून दाखवला आणि रक्कम सांगितली. मी म्हणाले, “अगं, साखर नि मैदा, त्याचे एवढे?” ती म्हणाली, “बाई, फुलांना वेळ लागतो.” मी म्हणाले, फुले राहू दे, आच्छादनाऐवजी क्रीम लाव, आणि हजार रुपये कमी कर. ती म्हणाली, “उन्हाळा आहे बाई, क्रीम टिकणार नाही. ओलाव्यानं फुलंही मऊ पडतील.” मी ऐकले नाही. शिक्षकाला नाही म्हणण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावतच नाही. तिने हजार रुपये कमी केले.

दुपारी शादीखान्यात वीज गेली. वरचा थर आधी कलंडला, मग घसरला. पाकळ्या लोळागोळा झाल्या. व्याह्यांकडच्या एक बाई सर्वांदेखत तिला म्हणाल्या, “काम येत नाही तर घ्यायचं कशाला?” मी तीन हातांवर उभी होते. क्रीम मी लावायला सांगितले, हे एक वाक्य मला बोलता आले असते. मी बोलले नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, मान खाली घातली आणि ताट पुसू लागली. त्या हंगामात तिच्याकडून दोन घरांनी काम काढून घेतले.

पुढे सुट्टीत मी तिच्याकडे गेले. माफी मागितली, ती म्हणाली, “जाऊ द्या बाई.” मग मी हट्टाने तिच्याजवळ बसून एक गुलाब केला. माझा गुलाब पाऊण तासाने झाला आणि कोबीसारखा दिसत होता. तिचा बारा मिनिटांत झाला. बारा साठे सातशेवीस मिनिटे, म्हणजे नुसत्या फुलांचे बारा तास, तेही मुले झोपल्यावर, दिव्याखाली. हा हिशेब मला भाव करण्यापूर्वी करता आला असता. गणित माझाच विषय.

तिच्याकडून शिकलेल्या दोनतीन गोष्टी येथल्या गृहिणींच्या कामाच्या आहेत. केक अंड्याविना केला तरी रॉयल आयसिंगमध्ये अंडे असते, हे शाकाहारी यजमानांना पुष्कळदा सांगितले जात नाही. काबुली चणे शिजवलेले घट्टसर पाणी फेटले तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखेच फुलते आणि त्यातही आयसिंग होते. फाँडंटमध्ये बहुधा जिलेटिन असते, आणि ते जनावरांपासून निघते. या एका मुद्द्यावर तुमची आणि आमची घरे एकमताने हरकत घेतील! त्यासाठी चायना ग्रासचा उपयोग करता येतो. सोनेरी चमकीच्या डबीवर ‘केवळ शोभेसाठी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल तर ती खाण्याची नव्हे. आणि खरी फुले लावायची तर कण्हेर कदापि नको, ती विषारी आहे.

आणखी एक. विलायती केकवर आयसिंगच्या खाली बदामाच्या वाटणाचा थर देतात, त्याला मार्झिपान म्हणतात. आपल्या शहरातली बदाम की जाली हे त्याचेच भावंड आहे. बदाम वाटून साखरेत मळायचे, लाटायचे, खाली अखंड चकती, तीवर चांदीचा वर्ख आणि वर कातरलेली जाळी, हलकेच भाजायचे. नाण्याचा ठसा उमटवलेली अशर्फीही त्याच जातीची. (वर्ख घेताना तो जनावरांच्या कातड्यात कुटलेला नाही याची चौकशी करावी.) ही जाली उन्हाने वितळत नाही, हिच्यात अंडे नाही, जिलेटिन नाही. केकभोवती तिची झालर लावली तर हैदराबादच्या लग्नाला याहून शोभणारा साज मला सुचत नाही.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आपला ट्रस्ट गरजू भगिनींना शिलाईयंत्रे देतो. गेल्या वर्षी एका बाईने ओव्हनसाठी अर्ज केला, तेव्हा ओव्हन ही चैनीची वस्तू आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानावर आले. बेगम बाजारात साचे, नळ्या, फिरते पाट हे सारे घाऊक भावात मिळते. अडते ते ओव्हनपाशी. तो अर्ज पुन्हा वाचला जावा. जामीन म्हणून माझी सही घ्यावी.

मागच्या टेबलावर जो केक आहे तो तिचा आहे. एकच थर, सोळा इंची, वर साखरेची पोळी, भोवती बदामाची जाळी, मध्ये बारा गुलाब. शेजारच्या कागदावर तिने मागितलेली रक्कम लिहिली आहे आणि तेवढीच दिली आहे. ती स्वतः तेथे उभी आहे. कोन कसा भरावा ते दाखवील. कोबीसारखा जो गुलाब कडेला दिसेल तो माझा, तो मुलांनी आधी खावा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मग चालवा, म्हणजे जाळी फुटणार नाही.