उतारावर क्लचवरचा पाय काढा

आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी कुठल्याही दिशेला काढा, तास-दोन तासांत घाट लागतोच. मुंबईकडे कसारा, पुण्याच्या वाटेवर संगमनेर ओलांडल्यावर चंदनापुरी, आग्रा रस्त्याने चांदवडपुढे राहुड आणि वणीकडे वळलात तर नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा घाट. घाट नाशिककराला नवा नाही. पण पायाला सवय लागते ती चौकातली. द्वारकेच्या कोंडीत गाडी दोन-दोन हात पुढे सरकते आणि डावा पाय क्लचवरून हलतच नाही. वेग कमी करायचा म्हटलं की आधी क्लच, मग ब्रेक. कोंडीत हे चालून जातं. हीच सवय घेऊन आपण घाट उतरायला लागतो, आणि आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की उतारावर क्लच दाबून धरणं म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं. चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला, की गाडीला मागे ओढणारं दुसरं काही उरत नाही. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

हा भार किती असतो, ते हिशोबाने पाहू. माणसं आणि सामान धरून दोन टनांची जीप तीनशे मीटर उंचीवरून खाली आली, म्हणजे साधारण इगतपुरीहून कसाऱ्याला उतरली, तर तिच्या वजनातून मोकळी होणारी ऊर्जा सुमारे अठरा लिटर साधं पाणी उकळीला आणेल एवढी असते. एक हंडाभर पाणी! त्यातला काही वाटा वारा आणि टायर घेतात. उरलेला एक तर इंजिनाने घ्यायचा, नाही तर ब्रेकच्या लायनरांनी. लायनर तापले की त्यांची पकड सुटायला लागते, जळका वास येतो. ती उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नवं डॉट ३ ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण तेच ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट खाली जातं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ब्रेक निकामी झाला. पुष्कळदा तो ब्रेक घाट सुरू होताना धडधाकट असतो. वाटेत आपणच त्याला भाजून काढलेलं असतं.

आता हंडा म्हटलाच आहे, तर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर डोक्यावर भरला हंडा घेऊन उतार उतरणारी बाई डोळ्यांपुढे आणा. ती पावलं आखूड टाकते. लांब ढांग टाकून वेग आल्यावर पाय रोवून थांबावं, असं ती कधीच करत नाही, कारण त्या हिसक्याने हंडाही जाईल आणि गुडघाही. प्रत्येक पाऊल थोडा थोडा भार घेतं. खालचा गिअर म्हणजे ही आखूड पावलं. आणि पावलं आखूड टाकायची हे ती उताराच्या माथ्यावरच ठरवते, मध्यावर घसरायला लागल्यावर नाही. तुम्हीही माथ्यावरच, वेग कमी असताना, तिसरा किंवा दुसरा टाका आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूला टेकवा. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या चालकांचा ठोकताळा. आजची इंजिनं ताकदीची असल्याने वरच्या गिअरमध्येही चढून जातात, म्हणून उतरताना त्याहून एक गिअर खालचा धरावा. वेग तरीही वाढला, तर ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा आणि सोडा. सतत हलका पाय ठेवून ब्रेक घासत उतरू नका. सोडलेल्या वेळात त्याला वारा मिळतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं. आजच्या गाड्यांत तो हिशोब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो आणि चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. काही जण तर इंजिनच बंद करतात. तेव्हा ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंग जड होतं. हे तर कोणी करूच नये. दुसरा आक्षेप, इंजिन ओरडतं, खराब होईल. काटा लाल पट्ट्यात जाऊ दिला नाही, तर तो आवाज इंजिन आपलं काम करत असल्याचा आहे. तिसरा आक्षेप, नव्या गाडीत उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय आहे. आहे, आणि ती उपयोगीही आहे, पण ती ब्रेक लावूनच वेग आवरते. म्हणजे लांब उतारावर तापणार ते ब्रेकच. आणि उतारावर खालचा गिअर, हे माझं एकट्याचं मत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५व्या नियमात परवान्याच्या चाचणीसाठी उताराला चटकन खालचा गिअर टाकता येणं आणि चढावर गाडी मागे न घसरू देता पुन्हा सुरू करता येणं, ही दोन्ही कौशल्यं लिहिलेली आहेत. परवाना खिशात आहे, म्हणजे हे आपल्याला येतं असं कायद्याने धरलेलं आहे.

पावसाळ्यात अंजनेरी, हरिहरच्या बाजूला फोर बाय फोर घेऊन कच्च्या वाटांना जाणाऱ्या तरुण मंडळींशी थोडं बोलतो. सुट्या मुरमावर आणि चिखलात इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांना मिळाला, तर मागची बाजू आडवी फिरू शकते. म्हणून उताराच्या आधीच फोर लो, म्हणजे चारही चाकं जोडणारा सावकाश टप्पा, टाका, पहिला गिअर, क्लच मोकळा, गाडी सरळ खाली. उतारावर आडवं वळू नका, गाडी कलंडते. चढताना इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून मागे घरंगळू नका. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा, आधी क्लच सोडा आणि नंतर ब्रेक, म्हणजे गाडी रिव्हर्सच्या धाकात सरळ मागे येईल.

शेवटी सुरुवातीचीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण स्टिअरिंगमागे बसल्यावर नेमकी हीच विसरते. कसाऱ्याच्या, म्हणजे थळ घाटातली रेल्वे सदतीस फुटांना एक फूट अशा चढणीची आहे. सुटलेली गाडी अडवायला रेल्वे घाटात कॅच सायडिंग, म्हणजे गाडीला बाजूला वळवणारा वेगळा रूळमार्ग, बांधते, निव्वळ ब्रेकवर विसंबत नाही. आपल्या जीपला तशी वेगळी वाट प्रत्येक वळणावर मिळणार नाही. आपल्याकडे गिअर आहे. या आठवड्यात घाट उतराल तेव्हा माथ्यावर, पहिल्या वळणाच्या आधी, खालचा गिअर टाका आणि डावा पाय क्लचवरून काढून ठेवा. घरातल्या नव्याने गाडी शिकणाऱ्या मुलामुलींनाही हे आजच सांगा.