लेजंड कोणाला म्हणायचं?

(मेळाव्यातील 'बाई आणि खेळ' या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी टेनिसवर बोलणार आहे हे कळल्यावर काल रात्री जेवताना एकीने मला विचारलं, "ताई, त्या बायका विमानातून फिरतात, डॉलरमध्ये कमावतात. त्यांच्या तक्रारींशी आपल्याला काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देते. घरात, शेतात, कारखान्यात बाईच्या वाट्याला कमी येतं, पण ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते सिद्ध करायला आपल्याला घरोघर फिरून पाहणी करावी लागते. टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम छापलेली असते, कोणाचा सामना कधी आणि कुठल्या कोर्टवर तेही छापलेलं असतं. भेदभाव तिथे आकड्यांत वाचता येतो. आणि तिथे वाचायची सवय झाली की तो घरच्या कागदावरही दिसायला लागतो, हा माझा अनुभव आहे. त्या घरच्या कागदाकडे मी शेवटी येणार आहे.

टेनिसमधलाही एक छोटा कोपरा मी घेतलाय. निवृत्त खेळाडूंचे प्रदर्शनी सामने. त्यांना 'लेजंड' म्हणतात. म्हणजे एके काळी गाजलेले, आता गुडघे कुरकुरायला लागलेले, पण ज्यांच्या नावावर अजून तिकिटं खपतात असे. या सामन्यांत हारजितीला फारसं महत्त्व नसतं. लोक येतात ते आपल्या तरुणपणाच्या आठवणींसाठी. म्हणजे इथे आठवणींचा बाजार असतो. आणि बाजार म्हटला की आपण विचारायचं, कोणाच्या आठवणींना भाव आहे?

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये इंटरनॅशनल प्रीमियर टेनिस लीगचे सामने झाले. महेश भूपतीने काढलेली ही स्पर्धा. मनिला, सिंगापूर, दिल्ली, दुबई अशी ती फिरली. मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू. करत होते. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही दहा-बारा मुली दाटीवाटीने बसलो होतो. भारताच्या संघात पीट सॅम्प्रस होता, फॅब्रिस सांतोरो होता. सॅम्प्रसला पाहून आम्ही जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी आपला संघ जिंकलाही.

त्या स्पर्धेची रचना मी नीट पाहिली ती मात्र खूप नंतर, एका शिबिराची तयारी करताना. एका लढतीत पाच सेट. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, मिश्र दुहेरी आणि एक सेट लेजंडचा. लेजंड म्हणजे निवृत्त पुरुष. मी पुन्हा मोजलं. महिला दुहेरी नाहीच. निवृत्त महिलांचा सेट नाही. पाचांपैकी तीन सेट फक्त पुरुषांचे, एक मिश्र, आणि केवळ बायकांचा असा एकच.

आता गंमत बघा. याच भारतीय संघात सानिया मिर्झा होती. दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, सिंगापूरला तिने आणि कारा ब्लॅकने वर्षअखेरची सर्वांत मोठी महिला दुहेरी स्पर्धा जिंकली होती. महिला दुहेरी हाच तिचा प्रांत. आणि आपल्याच देशातल्या माणसाने काढलेल्या स्पर्धेत नेमका तोच प्रकार नव्हता. निवृत्त झालेल्या पुरुषांसाठी जागा होती, ऐन भरातल्या बाईच्या खेळासाठी नव्हती. हे कोणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. कट असता तर बरं झालं असतं, निदान कोणाला जाब तरी विचारता आला असता. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, टाळ्या वाजवताना.

असं संघांचं टेनिस काही नवं नव्हतं. बिली जीन किंगने अमेरिकेत इतरांच्या साथीने 'वर्ल्ड टीम टेनिस' उभं केलं, ते १९७४ मध्ये सुरू झालं. तिथेही पाचच सेट. पुरुषांची एकेरी नि दुहेरी, बायकांची एकेरी नि दुहेरी, आणि एक मिश्र. म्हणजे समान वाटणी रचनेतच होती. चाळीस वर्षांनी आपल्याकडे ती कल्पना आली तेव्हा त्यातला एक सेट काढला गेला आणि त्या जागी एक घातला गेला. कुठला काढला आणि कुठला घातला, ते मी आत्ताच सांगितलं.

बिली जीनचं नाव आलंच आहे तर १९७३ कडे वळू या, कारण निवृत्त पुरुष खेळाडूला समाज किती मान देतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. बॉबी रिग्ज हा १९३९ चा विम्बल्डन विजेता. १९७३ मध्ये तो ५५ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं, बायकांचं टेनिस इतकं कच्चं आहे की आज या वयातही मी त्यांच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला हरवीन. जरा उलटं करून बघा. ५५ वर्षांची निवृत्त बाई असं काही बोलली असती तर लोकांनी तिला घरी जाऊन नातवंडं सांभाळायला सांगितलं असतं. रिग्जला मैदान मिळालं, कॅमेरे मिळाले, पैसा मिळाला. १३ मे १९७३, तिकडच्या मातृदिनी, त्याने मार्गारेट कोर्टला ६-२, ६-१ असं हरवलं. सामन्याआधी त्याने तिला गुलाबाचा गुच्छ दिला आणि तिने गुडघे लववून अभिवादन केलं. त्या वर्षी चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन तिने जिंकल्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती दुपार.

मग बिली जीनला खेळावं लागलं. 'लागलं' हा शब्द मी मुद्दाम वापरते. २० सप्टेंबर १९७३, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, ३०,४७२ प्रेक्षक, जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर. ती मैदानात आली पुरुषांनी खांद्यावर उचललेल्या पालखीसारख्या आसनावर, तो आला बायका ओढत असलेल्या रिक्षातून. निव्वळ तमाशा होता. ती ६-४, ६-३, ६-३ अशी जिंकली. आपल्या चळवळीत या सामन्याची गोष्ट फार उत्साहाने सांगितली जाते. मी मात्र प्रत्येक वेळी थोडी अडखळते. २९ वर्षांच्या खेळाडूने ५५ वर्षांच्या माणसाला हरवलं यात टेनिसच्या दृष्टीने सिद्ध काय झालं? काही नाही. पण हरली असती तर सगळंच सिद्ध झालं असतं. बाईची परीक्षा अशीच असते. पास झालं तर श्रेय नाही, नापास झालं तर सगळ्या जातीवर शिक्का.

आणि त्या वेळी पणाला काय काय लागलं होतं तेही पाहा. तीनच वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर असं ठरलं होतं. तेव्हा नऊ जणींनी बहिष्कार घातला. ग्लॅडिस हेल्डमन या मासिक चालवणाऱ्या बाईने पुढाकार घेतला, आणि प्रत्येकीने एकेका डॉलरच्या करारावर सही करून ह्यूस्टनमध्ये वेगळी स्पर्धा खेळली. अधिकृत संघटनेने त्यांच्यावर कारवाई केली. जून १९७३ मध्ये महिला खेळाडूंची स्वतःची संघटना झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने दोघांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला हे जमायला २००७ साल उजाडलं. चौतीस वर्षं!

पुढे याच पिढीतल्या बायका निवृत्त झाल्या. त्यांच्यासाठी काय होतं? १९९३ मध्ये जिमी कॉनर्सने पस्तिशी उलटलेल्या पुरुषांसाठी सामन्यांची मालिका सुरू केली. तेव्हापासून अशा मालिका या ना त्या नावाने चालत राहिल्या. बायकांची लेजंड मालिका १९९५ मध्ये निघाली. ख्रिस एव्हर्ट, बिली जीन, इव्होन गुलागाँग अशा खेळाडू. पुरस्कर्ता कोण? व्हर्जिनिया स्लिम्स, म्हणजे सिगारेट कंपनी. १९७० च्या बंडालाही पैसा याच कंपनीचा होता. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे. मलाही ते पटत नाही. पण दुसरं कोणी दार उघडत नसेल तर उघड्या दारातून जायचं की नाही, हा प्रश्न देणग्या घेताना आपल्या संघटनेपुढेही आलेला आहे. तेव्हा फार वरच्या पट्टीत बोलू नये. ती मालिका काही वर्षांतच बंद पडली.

विम्बल्डनमध्ये दरवर्षी जुन्या खेळाडूंना बोलावून दुहेरीचे सामने होतात. तिथेही बरीच वर्षं पुरुषांचे दोन गट होते, पस्तिशीच्या पुढचा आणि पंचेचाळिशीच्या पुढचा. बायकांचा एकच, पस्तिशीच्या पुढचा. पंचेचाळिशीनंतरची बाई म्हणजे नक्की काय, ते यांना ठरवता आलं नसावं! आणि याच विम्बल्डनमध्ये २००३ साली ४६ वर्षांच्या मार्टिना नवरातिलोव्हाने लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. प्रदर्शनी नव्हे, खरीखुरी. २००६ मध्ये अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा ती पन्नाशीला जेमतेम महिनाभर कमी होती. तेव्हा 'बायकांचं शरीर लवकर थकतं' हे कारण इथे सांगू नये. आणि थकलं तरी काय? सॅम्प्रसही थकलेलाच होता. त्याचं थकलेपण आम्ही कौतुकाने पाहिलं. बाईचं शरीर थकलेलं दिसलं की लोक नजर वळवतात, किंवा जाडी मोजतात. पुरुषाच्या पोटाला अनुभव म्हणायची आपली रीत आहे.

सानियाने २०२३ च्या फेब्रुवारीत निवृत्ती घेतली आणि त्याच जुलैत योहाना कोंटाबरोबर ती विम्बल्डनच्या या निमंत्रितांच्या सामन्यांत उतरली. मी ते पाहताना माझ्या शेजारी वस्तीतल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना टेनिसचा गंध नाही. त्या म्हणाल्या, "ही आता कशासाठी खेळते?" मी म्हटलं, "मजेसाठी." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही मंगळागौर खेळायचो. लग्नानंतर पाच वर्षं. मग संपलं."

बाईच्या खेळाला आपल्या रितीनेही मुदत घातली होती. ती मुदत आपण तरी काढली का? आता घरच्या कागदाकडे येते. ८ मार्चच्या आपल्या क्रीडा कार्यक्रमाचं पत्रक माझ्या हातात आहे. वाचते. पंचवीस वर्षांखालील मुलींसाठी कबड्डी, खो-खो, शंभर मीटर धावणे. चाळीस वर्षांवरील महिलांसाठी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रांगोळी. हे पत्रक दुसऱ्या कोणी नाही, आपण काढलंय. मसुदा मीच केला होता. दिल्लीच्या पत्रिकेत सेट मोजणाऱ्या मला स्वतःच्या पत्रकात हे दिसलं नाही. रांगोळी खेळ कधीपासून झाली, हेही कोणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात कार्यकारिणीत हा विषय काढला. चाळीसच्या वरच्या गटातही कबड्डी ठेवावी असं ठरलं. दोघींनी काळजी बोलून दाखवली, कोणाचा पाय मोडला तर घरचे आपल्यालाच बोलतील. ती काळजी खोटी नाही. त्यामुळे सरावाशिवाय कोणालाही उतरवायचं नाही, आणि सरावाच्या वेळी डॉक्टर मैत्रीण हजर असेल. आतापर्यंत अकरा जणींनी नावं दिली आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ५८ वर्षांच्या आहेत. शाळेत असताना त्या तालुक्याच्या संघातून खेळलेल्या आहेत. हे आम्हाला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

अडचण मैदानाची आहे. वस्तीजवळचं मैदान संध्याकाळी पाच ते आठ क्रिकेटवाल्या मुलांकडे असतं. ते कोणी त्यांना दिलेलं नाही, पण असतं. आठवड्यातले दोन दिवस, सहा ते सात, अर्धं मैदान महिलांसाठी राखून ठेवावं असा अर्ज आपण करतो आहोत. शक्यतो मुलांशी आधी बोलू, भांडण नको. पण अर्ज जाणारच. तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवायला जाताना वाचून सही करा. वयाचा रकाना आहे, तो रिकामा ठेवू नका.