नेदरलँड्सहून आलेलं लेकरू

आपल्या तेरणेकाठच्या माकणीत पाहुणा आला की पाणी देऊन आधी विचारतात, 'गाव कोणतं?' पण ज्याला आपलं गावच ठाऊक नाही, त्यानं काय सांगावं?

१९७० नंतर महाराष्ट्रातल्या संस्थांमधून अनेक लेकरं नेदरलँड्समध्ये दत्तक गेली. आज ती डच बोलणारी मोठी माणसं आहेत, आणि त्यांतली काही आपली आई शोधत येतात. भेट झालीच, तर मुलाला मराठी येत नाही आणि आईला डच. मधे दुभाषी बसतो. रडायला मात्र तो लागत नाही.

परदेशी दत्तकाला सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात शिस्त लावली. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती मूळ शोधासाठी स्वतः अर्ज करू शकते, त्रयस्थ नाही. आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती लागते. हे योग्यच आहे. तिनं चाळीस वर्षं उरात जपलेलं चावडीवर यायला नको.

म्हणून असं कुणी गावात आलं, तर घोळका करू नका, फोटो पसरवू नका. चहापाणी द्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा रस्ता दाखवा.