जुन्या टीव्हीला लॅपटॉप जोडू या, आपल्याच हातांनी

कामं आटोपून बसला असाल, नाहीतर भाकऱ्या थापता थापता रेडिओ लावला असेल. आज आपण बोलणार आहोत जुन्या टीव्हीला लॅपटॉप कसा जोडायचा यावर. विषय ऐकून ‘हे आपलं काम नाही, पोरांना सांगा’ असं म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका.

आधी हे कशाला हवं ते बोलू. गटाच्या बैठकीत शेळ्यांच्या लसीकरणाचा व्हिडिओ दाखवायचा म्हटलं की एक मोबाईल आणि त्याच्याभोवती दहा-बारा जणी. पुढच्या दोघींना दिसतं, मागच्यांना नुसता आवाज. ज्या मावशींना डोळ्यांनी कमी दिसतं त्या भिंतीला टेकून बसून राहतात. पण शेळ्यांसाठी कर्ज त्याही उचलतात. पीपीआरची लस राहिली आणि शेळी गेली, तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून व्हिडिओ सगळ्यांना सारखा दिसला पाहिजे.

कितीतरी ग्रामसंघांकडे हिशोबासाठी लॅपटॉप आलेला आहे. आणि पाठीमागे मोठं कुबड असलेला जुना टीव्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी कापड टाकून ठेवलेला असतो. नवा मोठा टीव्ही घ्यायचा तर अंतर्गत कर्जाला जाणारा पैसा त्यात अडकतो. जुना टीव्ही चालू असेल तर थोडक्यात काम भागतं.

आता कृती. पहिलं काम, टीव्हीची पाठ बघायची. नुसती बघायची, झाकण उघडायचं नाही. जुन्या टीव्हीच्या आत फार जोराचा विजेचा दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ राहतो. आपल्याला बाहेरची तीन गोल भोकं हवीत: पिवळं, पांढरं आणि लाल. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. काही टीव्हींना फक्त पिवळं आणि पांढरं असतं, तेवढ्यावरही चालतं. काही टीव्हींना ही भोकं पुढच्या बाजूला, झाकणाखाली असतात.

दुसरं काम, लॅपटॉपची कड बघायची. बहुतेक लॅपटॉपला चपटं, खालचे कोपरे तिरके असलेलं एक भोक असतं. त्याला एचडीएमआय म्हणतात. टीव्ही जुना पण चपटा असेल, तर त्यालाही असंच भोक आहे का ते पाहा. असेल तर एक एचडीएमआय केबल आणा, दोन्हीकडे खोचा. चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच जातात.

पण टीव्हीला तीन रंगांची भोकंच असतील तर? बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना अशी साधी वायर मिळते. ती घेऊ नका. लॅपटॉपची भाषा एक आणि जुन्या टीव्हीची दुसरी, नुसत्या वायरीने ती बदलत नाही. मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. काही शे रुपयांत मिळतो. त्याचं नाव ‘एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर’. नाव पाठ करा, कारण अगदी तसाच दिसणारा ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाचा उलटा डबाही मिळतो. आमच्या भागातल्या एका गटाला दुकानातून तो उलटाच दिला गेला. तालुक्याला दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. खूण अशी की जिथून चित्र निघतं त्याचं नाव आधी. आपलं चित्र लॅपटॉपमधून निघतं, म्हणून एचडीएमआय आधी.

तिसरं काम जोडणीचं. टीव्ही बंद, लॅपटॉप बंद, दोन्हींच्या पिना भिंतीतून काढलेल्या. घरात अर्थिंग नीट नसेल तर वायर खोचताना झिणझिणी येऊ शकते, म्हणून ही काळजी. लॅपटॉपपासून डब्यापर्यंत एचडीएमआय केबल. डब्यापासून टीव्हीपर्यंत तीन रंगांची वायर, पिवळ्यात पिवळी, पांढऱ्यात पांढरी, लालात लाल. इथे अक्षरओळख लागत नाही. ज्या मावशी अंगठा करतात त्यांनाही हे जमतं. डब्याला स्वतःची वीज लागते. त्याची बारीक वायर लॅपटॉपच्या यूएसबीत किंवा मोबाईलच्या चार्जरला लावा.

आता टीव्ही सुरू करा. रिमोटवर ‘एव्ही’ किंवा ‘सोर्स’ असं बटण असेल, ते दाबा. मग लॅपटॉप सुरू करा. तो विंडोजचा असेल तर चार चौकोनांची खिडकी असलेलं बटण दाबून ठेवा आणि सोबत पी दाबा. यादी येईल, त्यात ‘डुप्लिकेट’ निवडा. जे लॅपटॉपवर ते टीव्हीवर.

अडलं तर काय करायचं, तेही ऐका. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली पळायला लागलं, तर डब्यावर एक बारीक खटका असतो. त्याच्या एका बाजूला ‘पॅल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एनटीएससी’ लिहिलेलं असतं. आपल्या देशात पॅल चालतं, खटका तिकडे सरकवा. चित्र टीव्हीवर पण आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर टिचकी मारा आणि आवाज कुठून हवा ते बदला. काहीच दिसत नसेल तर आधी डब्याची वीज बघा.

लॅपटॉप फारच जुना असेल तर एचडीएमआयऐवजी निळं, पंधरा बारीक छिद्रांचं व्हीजीए भोक असेल. त्याचा डबा वेगळा मिळतो. व्हीजीएतून फक्त चित्र जातं. आवाजासाठी लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकातून टीव्हीच्या पांढऱ्या-लाल भोकांपर्यंत वेगळी वायर घ्यावी लागते.

एक गोष्ट मात्र खरी. जुन्या टीव्हीवर बारीक अक्षरं पुसट दिसतात. त्यामुळे हिशोबाचे तक्ते लॅपटॉपवरच बघा. शेळी, पीक, शिलाई, स्वयंपाक यांचे व्हिडिओ टीव्हीवर छान दिसतात. ते पडदाभर मोठे करून लावा. आणि आदल्या दिवशी जिथे रेंज आहे तिथे उतरवून ठेवा, म्हणजे ऐन बैठकीत चाक फिरत बसणार नाही.

मैत्रिणींनो, मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली. पुढे त्यावर ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं, तेव्हा एका घरातल्या टीव्हीपुढे अंगणभर माणसं बसलेली तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. पण तेव्हा न कळलेला मुद्दा पुन्हा बघता येत नव्हता. लॅपटॉप लावला की थांबवता येतं. लस कानामागे टोचली की मांडीला, कुणी विचारलं की थांबवा, मागे घ्या, पुन्हा बघा, आपसात बोला. व्हिडिओचा खरा उपयोग या थांबण्यात आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास लागला तरी चालेल.

शेवटचं. जोडणी एकीलाच येत असेल, तर ती माहेरी गेली की टीव्हीवर पुन्हा कापड पडतं. एखाद्या मुलालाच येत असेल, तर त्याला वेळ असेल तेव्हाच आपली बैठक. म्हणून बचतीची पाळी चुकवत नाही तशी जोडणीचीही पाळी लावा. दर बैठकीला वेगळ्या दोघींनी जोडायचं, बाकीच्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. डबा आणि वायरी एका पिशवीत ठेवा आणि साहित्याच्या नोंदवहीत त्यांची नोंद करा.

येत्या बैठकीला आपल्या गावातल्या टीव्हीची पाठ बघून या. किती रंगांची भोकं आहेत ते वहीत लिहा किंवा तेवढे रंगीत टिपके काढा. तो कागद घेऊनच दुकानात जा.

पुन्हा भेटू या. नमस्कार.