नवी नाटके आणि तिसरा डोळा

(त्र्यंबकेश्वर येथे शिक्षक व गावकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाला 'नवी नाटके कशी पाहावीत' असा विषय दिलेला आहे. विषय ऐकून कित्येकांच्या मनात असे आले असेल की, ज्या तालुक्यात उन्हाळा लागला की बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, त्या तालुक्यात नाटकाची चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग होय. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून आम्हांला पुढे जाता येणार नाही. आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याची फसवणूक कशी होते हे दाखविण्यासाठी जोतीराव फुल्यांनी प्रथम लेखणी उचलली, तेव्हा निबंध लिहिला नाही की ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी नाटक लिहिले. ते साल १८५५ होते.

त्या नाटकाचे नाव 'तृतीय रत्न'. गोष्ट साधी आहे. कुणब्याची बायको गरोदर असते. दारी जोशी येतो, ग्रह वाईट आहेत असे सांगून तिला भीती घालतो आणि ग्रहांची शांती व ब्राह्मणभोजन यांच्या नावाखाली त्या गरिबाच्या घरात कर्ज आणतो. मधून मधून विदूषक येऊन जोशाच्या बोलण्याचे सोंग उघडे पाडतो. शेवटी नवराबायको दोघेही रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करतात. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त सांगून ठेवले आहे. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत ठरले. ते छापून लोकांच्या हाती पडावयास १९७९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ते 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये प्रसिद्ध झाले. मधली वर्षे मोजा. एकशे चोवीस भरतात!

या हकिकतीवरून कमिटीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यातून घेण्याचा बोध निराळा आहे. ज्या कुणब्यासाठी ते नाटक लिहिले गेले, तो कुणबी ते पारखण्याच्या जागी बसलेला नव्हता. नाटक त्याचे, दुःख त्याचे आणि निकाल मात्र दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता. आज परीक्षकाच्या त्या जागेवर बसण्यास कोणाची आडकाठी नाही. तिकीट काढील त्याला खुर्ची मिळते, वर्गणी जमवील त्या गावात खेळ येतो. असे असता ती जागा रिकामी राहिली, तर आजच्या नाटककारांचेही तेच होईल. त्यांना कमिटीने नाकारावयाचीही गरज पडणार नाही. ज्यांच्यासाठी लिहिले ते आले नाहीत, एवढे पुरे आहे.

या गावाच्या देवाला त्र्यंबक म्हणतात. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. जोतीरावांचे तिसरे रत्न म्हणजे विद्येचा तिसरा डोळा, असा अर्थ जाणत्यांनी लावला आहे. दोन डोळ्यांनी जोशी दिसतो, त्याची पोथी दिसते. या बोलण्यात कोणाचे पोट भरते आणि कोणाचे रिकामे होते, हे तिसऱ्या डोळ्याने दिसते. नाटक पाहावयाचे ते याच डोळ्याने, एवढेच आजच्या भाषणाचे सार होय. बाकीचा सारा विस्तार आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्या अडाणी लोकांना नाटकातले काय कळणार? हा आक्षेप शहरातील विद्वानांनी घेतला तर नवल नाही, पण तो आपल्याच शिकल्यासवरल्या पोरांच्या तोंडी येतो याचे वाईट वाटते. या डोंगरात महादेव कोळी, कोकणा, वारली हे आपले बांधव पिढ्यानुपिढ्या बोहाडा करीत आले आहेत. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकामागून एक मुखवटे नाचत येतात आणि गाव रात्रभर जागा राहतो. कोणाचे सोंग ठेक्यात चुकले, कोणाचा राक्षस राक्षसासारखा चालला नाही, हे लहान पोरदेखील सांगते. ज्याला सोंग पारखता येते त्याला नाटक का पारखता येऊ नये? जोतीरावांच्या मागून सत्यशोधकांनी तमाशाचाच साज घेऊन जलसे उभे केले. पुढे नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. जलसा लोकांना कळला, कारण तो लोकांच्या वेशीत आला आणि लोकांच्या भाषेत बोलला. तेव्हा कळण्याची शक्ती आपल्यापाशी आहे. फक्त तिला नव्या खेळावर चालविण्याची सवय पाहिजे.

ती सवय कशी लावावी, हे आमच्या काळातील चार नाटकांवरून सांगतो.

पहिले नाटक आपल्या नाशिकचेच. दत्ता पाटील यांनी लिहिलेले व सचिन शिंदे यांनी बसविलेले 'हंडाभर चांदण्या'. पाण्याच्या टँकरची वाट पाहत बसलेले गाव हा त्याचा विषय. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, येथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे कोरडे पडतात. असले नाटक पाहताना शहरातील माणसाला कणव येईल, आणि ती येणे चांगलेच आहे. पण आपल्याला कणव पुरणार नाही. आपण विचारावे की, या गावाची तहान नाटककाराने आभाळाच्या माथी मारली की माणसांच्या? पाऊस कमी पडला हे एक कारण झाले. पडलेले पाणी कोठे गेले, कोणाच्या हुकमाने टँकर सुटतो आणि कोणाच्या अडून राहतो, हे दुसरे. जे नाटक आपल्याला हे दुसरे कारण शोधावयास लावते, ते आपल्या कामाचे. केवळ रडविणारे नाटक रडवून सोडून देते आणि सकाळी हंडा जागच्या जागी रिकामाच असतो.

दुसरे नाटक प्रेमानंद गज्वी यांचे 'किरवंत'. डॉ. श्रीराम लागूंनी ते १९९१ साली रंगभूमीवर आणले. किरवंत म्हणजे मृताचे क्रियाकर्म करणारा ब्राह्मण. त्याच्या हातून विधी करून घ्यावयाचे आणि त्यालाच अशुभ मानून दूर ठेवावयाचे, असा व्यवहार त्याच्याच जातभाईंनी चालविलेला असतो. ज्या गावात श्राद्ध, नारायण नागबळी अशा विधींसाठी देशभरातून माणसे येतात, त्या गावाला हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. पाण्याच्या अस्पृश्यतेवर 'घोटभर पाणी' ही एकांकिका लिहिणारा आंबेडकरी नाटककार ब्राह्मणाच्या घरातील अस्पृश्यतेवर लिहितो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांना ब्राह्मण पात्राची टिंगल पाहावयाची आहे त्यांची येथे निराशा होईल. येथे दिसते ते असे की, उच्चनीचतेचे विष एकदा पोटात गेले म्हणजे ते कोणत्याच पायरीवर थांबत नाही. निवृत्तिनाथांची समाधी याच गावात आहे. त्यांच्या आईबापांना धर्ममार्तंडांनी वाळीत टाकले आणि त्या पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पायपीट करावी लागली, असे परंपरा सांगते. आपली लढाई भटशाहीशी आहे, भटाच्या लेकराशी नाही, हे आपले पुढारी सांगत आले. हे नाटक तेच डोळ्यांपुढे उभे करते. तेव्हा दुसरा प्रश्न असा विचारावा की, ज्याच्याविषयी आपल्या मनात राग आहे, त्यालाही नाटककाराने माणूस म्हणून उभे केले आहे काय?

तिसरे नाटक 'सत्यशोधक'. लिहिणारे गो. पु. देशपांडे. नाटक जोतीरावांच्या जीवनावर आहे. २०१२ साली अतुल पेठे यांनी ते पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसविले. लेखकाचे आडनाव ऐकून आमच्यातील काहींच्या कपाळाला आठी पडते. परंतु जोतीरावांनी मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा त्यांच्या साथीला ब्राह्मण मित्रही होते, याचा विसर पडू देऊ नये. लेखकाची जात पाहून नाटकाचा निकाल लावणे ही दक्षिणा कमिटीचीच रीत झाली. मात्र एक गोष्ट अवश्य पाहावी, ती ही की, नाटकात बोलते कोण? ज्यांनी आयुष्यभर शहराची घाण उचलली, त्यांच्या तोंडून जोतीराव आणि सावित्रीबाई बोलू लागल्या म्हणजे त्या शब्दांना निराळे वजन येते. ज्या नाटकात गरिबाविषयी सारे बोलतात आणि गरीब मात्र चहाचा ट्रे घेऊन येतो आणि जातो, त्याला साधे नावदेखील नसते, ते नाटक आपल्याविषयी असले तरी आपले नव्हे.

चौथे नाटक 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. हे २०१२ साली रंगभूमीवर आले. लेखक राजकुमार तांगडे हे जालना जिल्ह्यातील शेतकरी. कल्पना व संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि नटांत बहुतेक जालन्याकडील शेतकऱ्यांची पोरे. यमराज शिवरायांना न्यावयास येतो, महाराज जातात, पण त्यांचे विचार खाली राहतात. मग महाराजांची पगडी घेऊन यम डोके शोधीत फिरतो, आणि ती कोणाच्याच डोक्याला नीट बसत नाही. प्रेक्षक पोट धरून हसतो. पण हसता हसता ध्यानात येते की, ही पगडी जी डोकी नाकारते त्यांत आपलीही डोकी आहेत. महाराजांची जयंती करणारे, त्यांचे चित्र गाडीवर लावणारे, आणि शेजारच्या वस्तीतील माणसाला पंक्तीत न घेणारे, हे परके कोणी नाहीत. म्हणून चौथा प्रश्न असा की, या नाटकाने आम्हांला कोठे टोचले? ज्या ठिकाणी आपली टाळी आपोआप थांबते, ती जागा मनात नोंदवून ठेवावी. नाटककाराला जे सांगावयाचे असते ते पुष्कळदा तेथेच असते.

या टोचण्यावरून आणखी एक बोलणे भाग आहे. १९७२ साली पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले तेव्हा नाना फडणविसांची व ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून मोठे काहूर उठले. ज्या संस्थेने ते बसविले तिने प्रयोग थांबविले. १९७४ साली थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले आणि पुढे ते परदेशी जाऊन आले. त्या काहुराची गोष्ट आपल्याकडे अजून हसत हसत सांगतात. परंतु आज आपल्या जातीतील सावकार, आपल्या जातीतील कारखानदार, सुनेला जाळणारे आपल्या जातीतील घर कोणी रंगभूमीवर दाखविले, तर भावना दुखावल्या म्हणून निवेदन घेऊन जाणारे पहिले कोण असतात? दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवणारे नाटक धाडसी आणि आपल्या दोषावर ठेवणारे ते बदनामीचे, ही दोन मापे ठेवून सत्यशोधन होत नसते. नाटक खोटे असेल तर ते खोटे आहे असे उभे राहून सांगा, लेख लिहा, उलट नाटक लिहा. पडदा पाडावयास मात्र जाऊ नका. पडदा पाडण्याचा हक्क एकदा मान्य केला म्हणजे तो प्रथम आपल्यावरच चालतो, हे 'तृतीय रत्ना'च्या मालकांना तरी कोणी शिकवावयास नको.

आता कामाचे बोलू. नाशिक येथून सुमारे २८ किलोमीटर आहे, पण नाट्यगृहातील नवे नाटक हे अंतर सहसा ओलांडीत नाही. गावोगावच्या जत्रांतील वर्गणीचा हिशेब पाहिला तर भोंगे, दिवे आणि ऑर्केस्ट्रा यांवर पैसा वाहून जातो. तो सारा बंद करा असे आमचे म्हणणे नाही. लोकांना आनंद हवाच. आमची मागणी एवढीच की, जत्रेची एक रात्र नव्या नाटकासाठी राखून ठेवावी. पूर्ण नाटक बोलाविण्याची ऐपत नसेल तेथे 'घोटभर पाणी'सारखी एकांकिका गावच्याच पोरापोरींनी लेखकाची परवानगी घेऊन करावी. तेही जमत नसेल तर शाळेच्या पडवीत चार जणांनी चार पात्रांची वाक्ये वाटून घेऊन छापील नाटक मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याला दृश्य आपोआप दिसते. मायबहिणींची बसावयाची जागा पाठीमागे कोपऱ्यात ठेवू नये. खेळ झाल्यावर अर्धा तास कोणी उठू नये, आणि पहिल्याने बाईमाणसाने व पाड्यावरच्या माणसाने बोलावे. मास्तर, सरपंच, पाटील यांनी शेवटी बोलावे, आणि न बोलले तरी चालेल.

आणि त्या बोलण्यात जे निघेल ते एका पोस्टकार्डावर लिहून नाटककाराला कळवावे. आवडले असेल तर का, आणि पटले नसेल तर कोठे. शहरातील परीक्षणांनी नाटककाराला नाव मिळते. पण ज्यांची गोष्ट त्याने सांगितली, त्यांनीच सांगितले की 'बाबा, टँकर असा येत नाही, असा येतो', तर त्याचे पुढचे नाटक सुधारते. पारखीचे हे काम कोणत्याही कमिटीला आपल्यासाठी करता येणार नाही.

एकशे चोवीस वर्षे एक नाटक गाठोड्यात पडून राहिले. तेवढी वाट पाहावी लागेल असे आजच्या एकाही लिहित्या हाताला वाटू नये, ही जबाबदारी समोर बसलेल्या मंडळींची आहे. येत्या चैत्रात कोणत्या गावाने कोणते नाटक घ्यावयाचे, याची यादी आज उठण्यापूर्वी करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.