ऊसतोडकरी गांवचे कोण?

(गांवच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या ओढ्याकांठीं खोपटीं उभीं राहतात. बीड, अहिल्यानगरकडच्या कोरडवाहू मुलखांतून नवराबायको मुलाबाळांसह ऊस तोडावयास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. त्या जोडप्यास माणसें कोणी म्हणत नाहीं. 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो कोयता बांधलेला. अंधारांत फड गांठावयाचा, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहावयाच्या आणि रात्रीं-बेरात्रीं गाडी भरावयाची. एक दिवस चुकला कीं खाडा धरून पैसे कापले जातात. म्हणून बाया दुखणें अंगावर काढतात. सन २०१९ मध्यें सरकारनें नेमलेल्या समितीस बीड जिल्ह्यांतील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. उसाचें बिल घेतांना आपण हा हिशेब करतों काय?

मुकादमाचा दोष मुकादमाच्या पदरीं, कारखान्याचा कारखान्याच्या. आज मी आपल्या दोषाविषयीं बोलणार आहें. नळावर त्यांच्या बायांनीं केव्हां भरावें? गांवाचें भरून झाल्यावर. चोरी झाली कीं पहिला संशय कोणावर? खोपटांवर. सप्ताहाच्या पंगतीचें आवतण घरोघर जातें, ओढा ओलांडीत नाहीं.

दुसऱ्यांचें कशाला, माझेंच सांगतों. मागल्या हंगामांत आठ-नऊ वर्षांची एक पोर कडेवर भाऊ घेऊन वर्गाच्या खिडकीशीं उभी राही. मूल रडेल, वर्ग मोडेल, म्हणून मीं तिला हाकललें. पुढें एके संध्याकाळीं गाईसाठीं वाढे आणावयास खोपटांवर गेलों. सात पेंढ्यांचे पैसे तिनें बोटें न मोजतां सांगितले. "कितवीत आहेस?" मीं विचारलें. ती म्हणाली, "तिसरीत, गुरुजी. दिवाळीपर्यंत."

तिच्या गांवच्या पटावर नांव आहे, तेथें मूल नाहीं. माझ्या गांवांत मूल आहे, पटावर नांव नाहीं. मूल वर्षांत केव्हांहि आलें तरी त्यास शाळेंत घ्यावें, दाखल्यासाठीं अडवूं नये, असें २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. हा कायदा मला ठाऊक होता. तरी मीं तिला हाकललें, ही माझी चूक मी आपणां सर्वांसमोर कबूल करतों.

कोणी म्हणेल, पांच महिन्यांचे पाहुणे ते, त्यांना गांवांत घेऊन काय करावयाचें? बंधूंनो, वर्षाचे पांच महिने, आणि असे वीस-वीस हंगाम जो दुसऱ्याच्या रानांत राबतो, त्याच्या आयुष्याचीं आठांहून अधिक वर्षें अशाच वेशींबाहेर जातात. त्यास पाहुणा म्हणावें, तर पाहुण्यास आपण आधीं पाणी देतों. त्याला शेवटीं देतों.

जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें फर्मान काढलें. त्यांच्या तसबिरींस आपण हार घालतों. आपल्या पणज्यांना ज्यांनीं अक्षरापासून दूर ठेवलें त्यांच्यावर आपण रागावतों, तो राग रास्त आहे. पण मग ओढ्यापलीकडे पाहून आपणांस लाज वाटावयास नको काय?

म्हणून तीन गोष्टींचा ठराव आज व्हावा. नळावर जो आधीं येईल त्याची घागर आधीं. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत मी व शाळा समितीचे दोघे पट घेऊन खोपटांवर जाऊं. थोरलीं मुलें शाळेंत, धाकटीं अंगणवाडींत, म्हणजे कोणा पोरीला भाऊ सांभाळीत खिडकीशीं उभें राहावें लागणार नाहीं. आणि सप्ताहाचें आवतण देणारानें ओढा ओलांडावा. त्या माणसांनीं आपल्या पंगतींत, आपल्या शेजारीं बसावें.

यास फार पैसा लागत नाहीं. ती पोर यंदा येईल कीं तिचा मुकादम तिच्या आईबापांस दुसऱ्या मुलखांत नेईल, हें माझ्या हातीं नाहीं. जी येईल तिचें नांव लिहिणें मात्र माझ्या हातीं आहे, आणि तिला गांवची म्हणणें आपल्या.